फुप्फुसातून गेला, म्हणालो

२० जानेवारी, रविवार

पशुखाद्याच्या दुकानात दरवर्षी फुकट डायरी देतात. आजवर ती नडीन, माझी बायको, वापरायची. पाऊस किती इंच झाला, पहिलं हिम कधी पडलं, कुठली शेळी व्याली, एवढंच लिहायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या वर्षीची डायरी कोरीच राहिली, यंदाची मी घेऊन बसलोय. माझा जन्म विहिरींचे पंप दुरुस्त करण्यात गेला, लिहिण्याशी संबंध सहीपुरता. बघू किती दिवस जमतं.

आज चर्चनंतर हिल्मर येऊन गेला. माझा थोरला भाऊ, चार वर्षांनी मोठा, सत्तरीला आला तरी बोलणं विशीतलं. फेब्रुवारीच्या मध्यात आम्ही दोघं लोमानबाईंच्या रँचवर रानमेंढ्यांच्या शिकारीला जातो. बंदूक नाही, फक्त धनुष्यबाण. बाबा न्यायचे तेव्हापासून चुकलेलं नाही. नडीन गेली त्या वर्षीसुद्धा गेलो होतो.

यंदा कोरिन येते म्हणाली. माझी मुलगी, अडतीस वर्षांची, सान अँटोनियोला शाळेत शिकवते. शिकार तिला कधी आवडली नाही. मी विचारलं, ‘आता मध्येच कुठून आठवण झाली?’ तर म्हणाली, ‘तुमच्याबरोबर चार दिवस राहायचंय, डॅडी. कारण लागतं का?’

बरं वाटलं. लिहून ठेवतो.

२७ जानेवारी, रविवार

सरावाला सुरुवात केली. धनुष्याचा ताण साठ पौंडांवरून पन्नासवर आणला. मेंढ्याला पन्नास पुष्कळ होतो.

उजव्या हाताचं लिहायला हवं. गेल्या उन्हाळ्यापासून तो थरथरतो. रिकामा असला की जास्त. मांडीवर ठेवला की अंगठा आपोआप बोटांवर फिरतो, जणू तंबाखू चोळतोय. धनुष्य धरलं की थांबतो. बहुतेक वेळा थांबतो.

बाबांचा नियम होता: वीस यार्डांवरून जेवणाच्या ताटलीत दहापैकी दहा बाण बसले तरच रानात पाऊल टाकायचं. माझे आज सहा बसले. वारा होता. आणि ताटलीही नडीनच्या नव्या संचातली आहे, जुन्या ताटल्या मोठ्या असायच्या.

६ फेब्रुवारी, बुधवार

हिल्मरकडे सॉसेज करायला गेलो होतो. एर्ना, म्हणजे त्याची बायको, मला चुलीपाशी उभं करून तळघरात गेली. वर आली ती ओरडतच. ‘वर्लिन! तुझ्या नाकाखाली कांदा जळून कोळसा झाला की रे!’

मी म्हटलं, सर्दी आहे.

‘तुझी सर्दी नाताळापासून चाललीय,’ ती म्हणाली. मग कढई घासता घासता हळूच, हिल्मर बाहेर असताना: ‘मला एक वचन दे. त्याला कड्याकपारीत उतरायला लावू नकोस. गुडघे गेलेत त्याचे. मला सांगत नाही, पण जिना आडवा उतरतो तो, खेकड्यासारखा. तू हट्ट केलास तर तो जाईल. तुझ्यापुढे त्याला नाही म्हणता येत नाही, कधीच आलं नाही.’

मी हसलो. आयुष्यभर त्याचंच ऐकत आलोय मी. पण वचन दिलं.

आज ताटलीत सात.

१४ फेब्रुवारी, गुरुवार. लोमान रँच

दुपारी पोचलो. सीडरची झाडं दाट झालीत, खालच्या घळीत पाणी आहे. लोमानबाईंनी नेहमीची झोपडी दिली. त्यांचा नवरा गेल्यापासून त्या एकट्याच सगळं बघतात. म्हणाल्या, ‘टेकाडाखाली एक जुना काळा मेंढा आहे. शिंगं दीड वेढा वळलीत. दात झिजलेत, हा हिवाळा काढेलसं वाटत नाही. मिळाला तर तोच घ्या, कोवळ्यांना हात लावू नका.’

कोरिनने स्वयंपाकाचा ताबा घेतला. कॉफी ओतते ती अर्धाच कप. मी म्हटलं, शाळेत पगार कमी झाला की काय? हिल्मर हसला. ती नाही हसली. उठून परत अर्धा कप ओतून आणला.

संध्याकाळी ओसरीवर मी लिहीत होतो तर तिने डोकावून पाहिलं. ‘डॅडी, अक्षर किती बारीक झालंय तुमचं. मुंग्या चालल्यासारखं.’

‘कागद वाचवतो,’ म्हटलं.

मग तिने तो विषय काढलाच. तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी घरं आहेत, खाली बाग आहे, नर्स असते. मी माझं घर सोडणार नाही म्हणालो. आवाज जरा चढला. हिल्मर उठून लाकडं आणायला गेला. लाकडं भरपूर होती.

मग कोरिन म्हणाली, ‘ठीक. हे चार दिवस मी बघते. तुम्ही धडधाकट आहात असं मला दिसलं, तर पुन्हा कधी बोलणार नाही. शब्द.’

तर असं आहे. म्हणून आली होती.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

धुकं. हिल्मरने एक चांगला मेंढा पंधरा यार्डांवर येऊ दिला आणि जाऊ दिला. का, विचारलं तर म्हणाला, ‘त्याचं तोंड आपल्या पास्टरसारखं होतं.’

जेवताना म्हणतो, ‘वर्ल, यंदा आपण दोघं नुसतं बघत बसू या का? बाण मारून मारून आता कंटाळा आला.’

म्हातारा झाला हिल्मर. मी म्हटलं, ‘तू बघ. मला त्या काळ्याचा पत्ता लागलाय.’ कोरिन ताटाकडे बघत होती.

१७ फेब्रुवारी, रविवार. हॉस्पिटल

सकाळचे नऊ. हिल्मर आत शस्त्रक्रियेला आहे. एर्ना समोरच्या बाकावर डोळे मिटून बसलीय. कोरिन कॉफी आणायला गेली. डायरी कोटाच्या खिशात होती. कालचं लिहून काढतो. जसं झालं तसं लिहितो, इथे तरी.

काल सकाळी मी आणि कोरिन खालच्या आडोशात होतो. हिल्मर तीनशे यार्डांवर, टेकाडाच्या उतारावर, दुर्बीण घेऊन. आठ वाजता मेंढ्या आल्या आणि मागून तो काळा. लोमानबाईंनी सांगितला तसाच. सावकाश चालत आला, मान खाली, गवत हुंगत. बावीस यार्ड. आडवा उभा राहिला.

मी धनुष्य ओढलं. हात स्थिर होता. खरंच होता. मग कोरिनचा श्वास माझ्या मानेमागे थांबलेला मला जाणवला आणि मनात आलं, ही मेंढ्याकडे बघत नाहीये, माझ्या हाताकडे बघतेय. तेवढ्यात अंगठा हलला.

बाण सुटला. मेंढ्याने एक उडी मारली, पाठीला बाक काढला आणि दुडक्या चालीने सीडरमध्ये शिरला.

‘लागला?’ कोरिनने विचारलं.

‘लागला.’

‘कुठे?’

‘थांब तू इथे. मारणाऱ्याने आधी एकट्याने जाऊन बघायचं असतं.’ असा काही नियम नाही.

बाण पलीकडच्या मातीत रुतला होता. आरपार गेला होता. फुप्फुसाला लागला की बाणावर फेसाळ गुलाबी रक्त असतं. माझ्या बाणावर हिरवट तपकिरी लिबलिबीत काहीतरी होतं आणि गवताचे चघळलेले तुकडे. म्हणजे पोट. बाबांनी शिकवलेलं: पोटात लागला तर त्या जनावराला दहा तास हात लावायचा नाही. ते शंभर-दोनशे यार्डांवर जाऊन बसतं आणि तिथेच मरतं. मागे लागलात तर उठून मैलोन्‌मैल जातं, आणि मरण लांबत जातं.

मी बाण गवताला पुसला. मग रुमालाला पुसला, पाती, पिसं सगळं. भात्यात टाकला. रुमाल दगडाखाली सारला. हे करताना मी विचार करत नव्हतो असं मला लिहायचं होतं. पण करत होतो. कोरिनला काय सांगायचं त्याचाच.

परत येऊन म्हणालो, ‘फुप्फुसातून गेला. अर्ध्या तासाने निघू, शंभर यार्डांत पडलेला असेल.’

ती माझ्या गळ्यात पडली. ‘डॅडी!’ म्हणाली, लहानपणी म्हणायची तशी.

हिल्मर खाली आला. माझ्या अगदी शेजारी उभा राहिला, मग एक पाऊल मागे सरकला. म्हणाला, ‘पाठीत पोक काढून पळाला रे तो.’

‘दचकला की पळतात तसे.’

‘हं. बाण कुठाय?’

‘भात्यात.’

‘हं.’ त्याने बाण काढून बघितला नाही. टोपी काढली, परत घातली. ‘असं करू वर्ल. झोपडीवर जाऊ, अंडी खाऊ, मी जरा लवंडतो. संध्याकाळच्या सुमाराला येऊ निवांत.’

‘फुप्फुसातून गेलेला मेंढा दिवसभर उन्हात टाकायचा? मांस नासेल.’

‘थंडी आहे. नाही नासत.’

‘हिल्मर, मी आज पहिल्यांदा मेंढा मारतोय का?’

‘कसला घाण वास येतोय?’ कोरिन मध्येच म्हणाली. ‘काहीतरी मेलंय का इथे?’

हिल्मरने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तर कसलाच वास येत नव्हता. ‘मेंढ्यांचा गं,’ तो तिला म्हणाला. ‘नर असाच घाण असतो. आम्हा दोघांचाही येतो, एर्नाला विचार.’ मग मला म्हणाला, ‘बरं. तुझा मेंढा, तुझा हुकूम.’

त्या वेळी मला वाटलं, मी जिंकलो.

रक्त फार नव्हतंच. थेंब इथे, थेंब तिथे. हिल्मरच माग काढत होता, मी मागे. दोनदा मी ठेचकाळलो. पाय उचलतोय असं वाटायचं आणि तो उचललेला नसायचा. अडीचशे यार्डांवर सीडरखाली तो बसला होता. जिवंत. आम्हाला बघून उठला, उभा राहिला, आमच्याकडे बघितलं. पोटाच्या खाली ओलं होतं. मग घळीकडे पळाला. म्हणजे पळाला नाही, गेला.

आता कोरिनलाही कळलं असणार काहीतरी बिनसलंय. तरी आम्ही चालत राहिलो.

घळीच्या तोंडाशी चुनखडीचा कडा आहे, त्याखाली अरुंद कंगोरा, खाली पाणी. रक्ताचा थेंब त्या कंगोऱ्यावर होता. मी पुढे झालो तर हिल्मरने माझ्या छातीवर हात ठेवला. ‘तू थांब वर. तुझे पाय आज तुझे नाहीत.’

‘मेंढा माझा आहे.’

‘आणि तू माझा आहेस. थांब म्हणतो ना.’

मी थांबलो. एर्नाला दिलेलं वचन आठवलं होतं का? हो. आठवलं होतं. तोंडापर्यंत आलं होतं की हिल्मर, ये वर, पोटात लागलाय, आपण संध्याकाळी येऊ. तो आडवा उतरत होता, खेकड्यासारखा. तीन पावलं गेला. मग दगड निसटला. ओरडलासुद्धा नाही तो. आधी त्याच्या धनुष्याचा आवाज आला, मग त्याचा.

बारा फूट असेल. खुबा मोडला, मनगट मोडलं. कोरिन खाली उतरून त्याच्याजवळ बसली, तिने फोन केला. लोमानबाई गाडी घेऊन आल्या, मग अँब्युलन्स. मी वरूनच बघत होतो. मला उतरताच येत नव्हतं. अँब्युलन्समध्ये घालताना हिल्मर मला म्हणाला, ‘टोपी राहिली रे खाली.’

एर्नाने आल्या आल्या मला एकच विचारलं: ‘तो तिथे उतरला कशाला?’

मी म्हटलं, ‘टोपी पडली होती त्याची.’

कसं सुचलं माहीत नाही. हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

लोमानबाईंचा फोन. काळा मेंढा आज सकाळी घळीच्या दुसऱ्या टोकाला सापडला. मला वाटलं, मेलेला. ‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पाण्यात पाय घालून उभा होता. डोळे कोयोट-कोल्ह्यांनी... राहू द्या. मी गोळी घातली.’ जरा थांबून: ‘वर्लिन, तुमचे वडील माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून इथे यायचे. मी काही विचारत नाही. मला वाटलं तुम्हाला माहीत असायला हवं.’

शिंगं हवीत का, असं विचारलं त्यांनी. नको म्हटलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

हिल्मरजवळ बसलो होतो. एर्ना घरी कपडे बदलायला गेली होती. तो जरा हुशारीत होता, नर्सेसना छळत होता. मी धीर करून म्हटलं, ‘हिल्मर, तो बाण...’

‘पोटात लागला होता. ठाऊक आहे.’

‘पोक काढून पळाला म्हणून?’

‘ते होतंच. पण अरे, भात्याचा वास येत होता तुझ्या. दहा फुटांवरून. फुटलेल्या आतड्याचा. लहान पोरालाही कळला असता.’

‘मी पुसला होता.’

‘दिसायचं नाही इतका पुसला होतास. वास कसा पुसणार?’

‘मला नाही आला.’

तो माझ्याकडे बघत राहिला. ‘हो,’ म्हणाला. ‘तेव्हा तेही कळलं मला.’

मग मी विचारलं, ‘ठाऊक होतं तर बोलला का नाहीस? थांबवलं का नाहीस?’

‘पोरीसमोर?’ त्याने डोळे मिटले. ‘गळ्यात पडली होती ती तुझ्या. दुर्बिणीतून बघितलं मी. म्हटलं, जाऊ या जरा हळूहळू, थोडं फिरवू, मग म्हणू माग हरवला, संध्याकाळी येऊ. तो मेंढा इतक्या जवळ बसला असेल असं कुठे वाटलं होतं. माझाही हिशेब चुकला, वर्ल.’

मी त्याचं पांघरूण सारखं केलं. तोच म्हणाला, ‘टोपीचं चांगलं सुचलं तुला. एर्नाने मला सांगितलं. मी तेच चालू ठेवलंय.’

२ मार्च, शनिवार

हिल्मर अजून पुनर्वसन केंद्रात. डॉक्टर म्हणतात, खुबा जुळेल पण पाय आखूड राहील. वॉकर कायमचा. धनुष्य ओढायचं मनगट गेलंच.

कोरिन दर शनिवारी येते. घराचा विषय काढत नाही. दिलेला शब्द पाळतेय. तिला वाटतं मी धडधाकट आहे? की तिने काही ठरवलंय? मला कळत नाही. तिने न बोलता माझ्या शर्टांची बटणं काढून वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या शिवल्या. म्हणाली, आता अशीच फॅशन आहे.

१० मार्च, रविवार

काल हिल्मर घरी आला. आज एर्नाने जेवायला बोलावलं. मी, कोरिन, पास्टर आणि त्यांची बायको. भाजलेलं मांस, बटाटे, लाल कोबी, सगळं साग्रसंगीत. हिल्मर टेबलाच्या टोकाला चाकाच्या खुर्चीत, मांडीवर गोधडी.

पास्टरने विचारलं, आणि हिल्मर सुरू झाला. टोपीची गोष्ट आता चांगली दहा मिनिटांची झालीय. वारा येतो, टोपी उडते, तो टोपीला शिव्या देतो, टोपी त्याला उत्तर देते. ‘एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची टोपी, पास्टर! बायको नवी मिळेल, तसली टोपी नाही मिळायची!’ सगळे हसत होते. एर्ना डोळे पुसून पुसून हसत होती. म्हणाली, ‘सत्तर वर्षांचं ढोर आणि टोपीसाठी कड्यावरून उडी मारतं! मी लग्नाच्या दिवशीच ओळखायला हवं होतं.’ आणि तिने त्याच्या टकलावर चापट मारली.

मीही हसत होतो. हसता हसता मला दिसलं की ती खरंच मानतेय. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचा पाय एका टोपीपायी गेला असं मानून ती हसतेय, आणि पुढेही हसत राहणार, त्याला खुर्चीतून उचलताना, मोजे घालताना, प्रत्येक वेळी त्यालाच मूर्ख म्हणत. आणि तो ते मूर्खपण घेऊन बसलाय. माझं.

मी म्हटलं, ‘टोपी नव्हती.’

हिल्मर म्हणाला, ‘वर्ल, बटाटे दे इकडे.’

‘टोपी नव्हती, एर्ना. मी मेंढ्याच्या पोटात बाण मारला आणि फुप्फुसात लागला म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं. हिल्मर थांबू म्हणत होता. मी थांबलो नाही. कोरिनला माझा हात चुकलेला कळू नये म्हणून. तो माझ्याऐवजी खाली उतरला. तुला दिलेलं वचन मला आठवत होतं. मी बोललो नाही.’

एका दमात बोललो. पास्टरच्या बायकोने काटा खाली ठेवला. कोरिनने माझ्या हातावर हात ठेवला आणि मी तो काढून घेतला. त्या क्षणी तो हात ठेवून घ्यायचा मला हक्क नव्हता.

एर्नाने हिल्मरकडे बघितलं. ‘तुला ठाऊक होतं?’

हिल्मर गोधडीचे दोरे ओढत होता. ‘अगं, चांगली गोष्ट होती. सगळे हसत होते.’

‘तुला ठाऊक होतं आणि तू मला तीन आठवडे हसवलंस.’

ती उठली. मला वाटलं, ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, ‘जेवण कर, वर्लिन. आणि मग जा.’

मी जेवलो. सगळं ताट संपवलं. हात फार थरथरत होता, कोबी टेबलक्लॉथवर सांडला, लाल डाग पडले. कोणी मदत केली नाही, कोणी नजरही फिरवली नाही. मग उठून गेलो.

११ मार्च, सोमवार

कोरिन रात्री माझ्याकडेच राहिली, आज शाळेत सुट्टी घेतली. मला घेऊन डॉक्टरकडे गेली. मी वाद घातला नाही. डॉक्टरने मला टाळी वाजवायला लावली, बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, डोळे मिटून एका बरणीचा वास घ्यायला लावला. ‘कसला वास?’ ‘कसलाच नाही.’ ‘कॉफीचा,’ तो म्हणाला. वास जाणं, बारीक अक्षर, न उचलणारे पाय, सगळं एकाच आजाराचं निघालं. पार्किन्सन. नाव माणसाचं वाटतं, कुणा शेजाऱ्याचं.

गाडीत मी तिला विचारलं, ‘तुला त्या दिवशीच दिसलं होतं ना? आडोशात?’

‘मला जानेवारीतच दिसलं होतं, डॅडी. फोनवर. तुमचा आवाज बारीक झाला होता. मी तुम्हाला पकडायला नव्हते आले. तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून आले होते.’ बराच वेळ ती गाडी चालवत राहिली. ‘आणि मी त्या पैजेसारखं काहीतरी बोलून बसले. धडधाकट दिसलात तर वगैरे. मी ते बोलले नसते, तर तुम्ही बाण दाखवला असता का?’

मी म्हटलं, तुझा काही दोष नाही.

प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. कारण हो, दाखवला असता.

१७ मार्च, रविवार

चर्चला गेलो. एर्ना पुढच्या बाकावर होती, वळली नाही. हिल्मरने दुरून हात केला. दुपारी त्याचा फोन: ‘कसा आहेस?’ ‘बरा.’ ‘मी पण.’ मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, ‘ठेवतो.’

१८ मार्च, सोमवार

एर्नाचा फोन. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत: ‘बुधवारी दहाला त्याचा व्यायाम आहे. खुर्ची गाडीत घालायला मला एकटीला उचलत नाही. शेजारचा गावाला गेलाय. ये.’

‘एर्ना, माझे हात...’

‘दोन आहेत ना? ये.’

२० मार्च, बुधवार

नऊला पाच कमी असताना एर्नाकडे पोचलो. खुर्चीची एक बाजू तिने धरली, एक मी. वाटेत हिल्मर एकटाच बोलत होता, कुणाच्या गायी सुटल्या, कुणाचा ट्रक विकायचाय.

तिथे दोन समांतर दांड्या असतात, त्यांच्यामध्ये त्याला उभं करतात. एक मुलगी त्याच्या कमरेचा पट्टा धरून मागे. मी आणि एर्ना भिंतीपाशी खुर्च्यांवर, मध्ये एक खुर्ची रिकामी. हिल्मरने एक पाऊल टाकलं. घाम फुटला त्याला. मी त्याला आयुष्यात कधी असं तोंड करताना बघितलं नव्हतं. दुसरं पाऊल. आमच्याकडे बघून डोळा मारायचा प्रयत्न केला, जमला नाही.

एर्ना त्याच्या पायांवरची नजर न काढता म्हणाली, ‘तो मेंढा. मिळाला का पुढे?’

‘मिळाला.’

‘किती दिवसांनी?’

‘तीन.’

‘मेलेला?’

खोटं बोलता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही.

‘नाही,’ म्हटलं. ‘जिवंत होता. पाण्यात उभा होता.’

हिल्मर चौथ्या पावलावर थांबला होता, दांड्या घट्ट धरून, मान खाली घालून, धापा टाकत. त्या मुलीने विचारलं, बसायचंय का? त्याने मान हलवली. नाही.

‘तीन दिवस,’ एर्ना म्हणाली.

मग तिने मधल्या खुर्चीवरची तिची पर्स उचलली, मांडीवर घेतली आणि त्याचं पाचवं पाऊल पडायची वाट बघत बसली. मीही बसलो.

निघताना म्हणाली, ‘पुढच्या बुधवारीही दहालाच आहे.’